खरखर, घूंऽऽ आणि साठवलेले तीस हजार

"दादा, मी भुसावळची. जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हा चौघांचा रॉक बँड आहे, त्यात मी बेस गिटार वाजवते. बेस सेकंडहँड घेतलेला, चार तारांचा, जॅझ बेसच्या धर्तीचा, दोन पिकअपवाला. घरी १५ वॉटच्या गिटार ॲम्पवर बरा वाजतो. पण गॅदरिंगला साउंडवाल्यांनी केबल थेट मिक्सरला लावली, तर मधूनमधून घूंऽऽ आणि बाकी काहीच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तू नुसतीच उभी होतीस का? शिवाय एप्रिलपासून पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा खरखरतात. माझ्याकडे ३० हजार साठलेत. बँडमधली मुलं म्हणतात, पाच तारांचा ॲक्टिव्ह बेस आणि डिस्टॉर्शन पेडल घे. घेऊ का?"
— भुसावळची बेसवाली

नको घेऊस. तुझ्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची मुळं वेगळी आहेत. खरखर हवेची आहे, घूं विजेचं आहे, आणि ऐकू न येणं हे केबल चुकीच्या ठिकाणी खुपसल्याचं आहे. नवा बेस आणलास तर या तिन्ही तक्रारी त्याच्याबरोबर स्टेजवर चढतील, वर सांभाळायला पाचवी तार.

खरखरीपासून सुरुवात करू, कारण ती फुकटात जाते. खरखर फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेटवर (आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) आणि तीही एप्रिलपासून, म्हणजे नेक, बेसचा लांब दांडा, मागच्या बाजूला वाकली आहे. चार तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून साधारण ८० किलोचा ताण नेकला पुढे ओढतो. नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड असतो, तो तिला मागे धरून ठेवतो. हा तोल दमट हवेत जमवलेला असेल तर मार्च-एप्रिलमध्ये बिघडतो. आपल्याकडचा उन्हाळा नुसता तापत नाही, वाळवतो. लाकडातली ओल उडते, नेक सरळ होते आणि मग उलटी वाकते. तारा पहिल्या फ्रेटांवर टेकायला लागतात. फ्रेटबोर्डच्या कडेने हात फिरवलास तर फ्रेटची टोकं बोटाला टोचतात का बघ. टोचत असतील तर लाकूड आक्रसल्याचा तो पुरावाच.

त्यात घरातला कूलर. कूलर पाण्याची हवा फेकतो. त्याच्या झोताच्या वाटेत बेस टांगलेला असेल तर रात्रभर तो दमट हवा खातो आणि दुपारी लाइट गेली की पुन्हा वाळतो. ही रोजची ओढाताण नेकला नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. बेस आतल्या खोलीत, बॅगेत बंद करून ठेव. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवून नको, पत्र्याखाली नको, आणि उभ्या गाडीत तर पाच मिनिटंही नको. त्या उष्णतेत सांध्यांचा गोंदही मऊ पडतो.

आता मोजमाप. बेस सुरात लाव. डाव्या हाताने सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाब (तार दाबून धरणारा चिमटा, म्हणजे कॅपो, असेल तर उत्तम), उजव्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाब. आता ती ताणलेली तार म्हणजे तुझी पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खाली फट किती राहते ते बघ. ०.३ ते ०.४ मिमी हवी. पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान साधारण तेवढ्याच जाडीचं असतं. ते तार न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. नेमकं मोजायचं असेल तर टू-व्हीलरच्या गॅरेजमधून टॅपेट सेट करायचा फिलर गेज पाच मिनिटांसाठी मागून आण. तुझ्याकडे फट शून्य निघेल असा आमचा अंदाज आहे.

फट नाही, म्हणजे रॉड सैल करायचा. रॉडचं तोंड बहुतेक बेसमध्ये खुंट्यांच्या बाजूला, नटच्या (तारांच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) मागे असतं. काहींत नेकच्या बुडाशी. त्यात नेमकी बसणारीच ॲलन की वापर. मिमीची आणि इंचाची मापं जवळजवळ असतात, आणि "बसली की" म्हणून वापरलेली चुकीची की आतलं षटकोन गोल करून टाकते. मग मात्र ३० हजारांतले बरेच तिथेच जातील. रॉडच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. बस्. पुन्हा सुरात लाव, रात्रभर ठेव, सकाळी मोज. लाकूड सावकाश हलतं. एका बैठकीत चार वेळा फिरवणारे दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एकूण पाऊण फेऱ्यापलीकडे जावं लागलं, किंवा रॉड पूर्ण सैल होऊनही नेक मागेच राहिली, तर हात थांबव. तेव्हा जरा जाड तारांचा संच लावून बघता येतो, कारण त्यांचा ताण जास्त असतो. तेही नाही जमलं तर नाशिक-पुण्याच्या गिटार कारागिराकडे.

नेक जमली की मगच तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी आणि बारीक तारेखाली दोन मिमीच्या आसपास ठेव. बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली सॅडल असतं, त्याचे बारीक स्क्रू फिरवून ती वर-खाली होते. हा क्रम उलटा करायचा नाही. खरखर ऐकून आधी सॅडल वर करणं हीच सगळ्यांची चूक असते. खरखर थोडी कमी होते, बोटं मात्र दुखायला लागतात आणि पावसाळ्यात तारा कपडे वाळत घालण्याइतक्या उंच जातात.

शेवटी सूर जुळतो का ते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव, मग तिथेच तार दाबून वाजव. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नटपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे. हे जुन्या तारांवर करू नकोस. जुनी तार सगळीकडे सारखी जाड राहिलेली नसते, तिचा सूर कधीच नीट जुळत नाही.

सेकंडहँड बेसवर बहुधा मागच्या मालकाच्याच तारा असतील. त्या बदल. साधा संच .०४५ ते .१०५ इंचाचा, निकेलचा, राउंडवाउंड (गोल तारेच्या वेढ्यांचा), ३४ इंची स्केलचा, म्हणजे नट ते ब्रिज एवढ्या लांबीचा. फेंडर कंपनीच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून ३४ इंच हेच माप रूढ आहे आणि १९६० चा जॅझ बेसही त्याच मापाचा, त्यामुळे तुझा त्या धर्तीचा असेल तर प्रश्न नाही. तरी नट ते ब्रिज मोजून घे. ३० इंची छोट्या बेसचा संच वेगळा येतो. फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या) तारा गुळगुळीत आणि दबक्या आवाजाच्या. रॉकमध्ये तुला तारेची धार लागणार आहे, म्हणून राउंडवाउंड. एकेक तार काढून एकेक लाव. नवी तार तिच्या खुंटीच्या पुढच्या खुंटीपर्यंत आणि वर अजून अर्धं अंतर एवढी ठेवून काटकोनात मोड, आणि मोडल्यावरच पुढचं काप. न मोडता कापलीस तर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सुटतं आणि कोरी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली.

पुढच्या वेळी पैसे नसतील तेव्हा तारा काढून पाण्यात दहा मिनिटं उकळ, कोरड्या पूस आणि पूर्ण वाळवून लाव. वेढ्यांतला घामाचा मळ निघतो आणि धार परत येते. थोड्याच दिवसांची, पण एका कार्यक्रमापुरती पुष्कळ.

आता घूं. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल असतात आणि सिंगल कॉइल म्हणजे विजेच्या तारांची घरघर पकडणारा अँटेनाच. पण हे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की एकाची घरघर दुसरा खोडतो. एक नॉब जरा कमी केलास की ती परत येते. हा दोष नाही, स्वभाव आहे. म्हणून पहिली परीक्षा ही: दोन्ही पूर्ण उघड. घूं गेलं तर स्टेजवर तसेच ठेव आणि आवाज पुढे कमी-जास्त कर. गेलं नाही तर एखादा पिकअप आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो, किंवा गडबड दुसरीकडे आहे.

दुसरी परीक्षा. तारांना हात लावला की घूं कमी होतं का? होत असेल तर बेसचं आतलं अर्थिंग ठीक आहे. तारांना लावून फरक नाही, पण केबलच्या पिनच्या धातूला लावला की कमी होतं, तर ब्रिजखालून येणाऱ्या वायरचा डाग (सोल्डर) सुटलाय. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावून बघ; जवळजवळ शून्य ओहम दिसायला हवेत. हा डाग जळगावच्या गोलाणी मार्केटमधला कोणताही मोबाइल दुरुस्तीवाला चहा थंड व्हायच्या आत देऊन टाकेल. "मधूनमधून" असं लिहिलंस त्यावरून मात्र आमचा पहिला संशय जॅकवर किंवा केबलवर. केबल लावून पिन हलकेच हलव. कडकड झाली तर जॅकची पत्ती सैल आहे किंवा पिनच्या आतला डाग. केबल नवी घेशील तेव्हा पाच-सहा मीटरची घे आणि पिन उघडता येणारी घे. वितळवून बंद केलेल्या पिनची केबल तुटली की कचरा. स्टेजवर केबल पट्ट्यातून वळवून मग बेसला लाव, म्हणजे कुणाचा पाय पडला तर ओढ पट्ट्यावर येते, जॅकवर नाही.

तिसरी गोष्ट घूंची नाही, जिवाची आहे. मंडपात, गॅदरिंगच्या स्टेजवर, जनरेटरवर अर्थिंग असेलच असं धरून चालू नकोस. तुझ्या हातात लोखंडी तारा आणि ओठांसमोर माइकची जाळी, दोन्ही वेगवेगळ्या बोर्डवरून आलेलं. चाचणीआधी माइकच्या जाळीला टेस्टर लाव. दिवा लागला तर साउंडवाल्यांना सांग आणि ते दुरुस्त होईपर्यंत माइकला तोंड लावू नकोस. स्टेजवरची सगळी यंत्रं एकाच बोर्डवरून, तीन पिनांनी. घूं जावं म्हणून ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकणारे "जाणकार" सगळीकडे भेटतात. त्यांना नमस्कार करून लांब राहा.

आणि आता मूळ दुखणं: ऐकूच आलं नाही. तुझ्या बेसमध्ये बॅटरी नाही, म्हणजे तो पॅसिव्ह आहे. त्याचा सिग्नल फार दुबळा असतो आणि त्याला समोरून १ मेगाओहमच्या आसपासचं तोंड (इनपुट) लागतं. मिक्सरचं लाइनचं तोंड साधारण १० हजार ओहमचं, माइकचं दोन हजारांच्या आत. एवढ्या कमी ओहमला पिकअप जोडला की त्याचा जीवच शोषला जातो. आधी वरची धार जाते, मग आवाज. साउंडवाले गेन वाढवत नेतात, तर बेसऐवजी घूंच मोठं होतं. तुझ्या गॅदरिंगला नेमकं हेच झालं.

याचं औषध म्हणजे डीआय बॉक्स. हातात मावेल एवढी डबी. एका बाजूला तुझी केबल जाते, दुसऱ्या बाजूने एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) निघते आणि ती मिक्सरच्या माइकच्या भोकात जाते. सिग्नल संतुलित झाल्यामुळे ३० मीटर लांब मिक्सरपर्यंत गेला तरी वाटेत घरघर पकडत नाही. डीआयमध्ये दोन जाती आहेत. आत फक्त ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह, तो कीबोर्डला किंवा ॲक्टिव्ह बेसला छान. तुला ॲक्टिव्ह डीआय हवा, बॅटरीवर किंवा मिक्सरकडून त्याच केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालणारा. त्याहून बरं म्हणजे बेस प्रीॲम्प आणि डीआय एकाच डबीत असलेला, ज्यावर बास, मिड, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर) आणि ड्राइव्ह (आवाजाला फाटकी धार देणारं डिस्टॉर्शन) आपल्या हातात असतं. घेताना तीन गोष्टी बघ: एक्सएलआर आउट आहे, ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, आणि मूळ आवाज व ड्राइव्ह यांचं मिश्रण करणारा ब्लेंड नॉब आहे. ग्राउंड लिफ्ट म्हणजे फक्त त्या केबलचं शील्ड तोडणं. ॲम्प आणि मिक्सर दोन्हींच्या अर्थिंगमधून फिरणारी घूं त्याने जाते. प्लगची पिन तोडण्याशी त्याचा संबंध नाही.

डीआय आल्यावरही एक गोष्ट हातून चुकेल, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे बेस म्हटलं की डीजेचा बेस, छातीत धडकणारा. घरी एकटं वाजवताना तू मिड कमी करून बास आणि ट्रेबल वाढवत असशील; एकट्याने ते गोड लागतं. तुझी मोकळी जाड तार ४१ हर्ट्झची आहे. कॉलेजच्या स्टेजवरचे बरेचसे स्पीकर तिथवर धड उतरतच नाहीत, आणि त्याच्या जरा वर ड्रमचा किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) बसलेला असतो. श्रोत्याला तुझा सूर कळतो तो ८२, १२३ आणि त्यावरच्या हार्मोनिक्समधून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांमधून), आणि बोटांचा ठोका कळतो ४०० ते ८०० हर्ट्झमधून. तेच मिड तू काढून टाकलंस तर स्टेजवर मागे राहते नुसती गुणगुण. म्हणून स्टेजवर बास मधोमध किंवा जरा कमी, मिड वाढवलेलं, ट्रेबल गरजेपुरतं. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. दोन गिटारी सुरू झाल्या की नेमका बसतो. साउंडवाल्यांना "बेस वाढवा" म्हणू नकोस, ते सब (सबवूफर) वाढवतील. "बेस गिटारचं मिड द्या, ४० हर्ट्झच्या खालचं कापा" असं म्हण.

तो १५ वॉटचा गिटार ॲम्प घरी हळू आवाजात चालेल. ड्रमरबरोबर लावू नकोस. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका, त्याची ये-जा थोडी. बेसच्या सुराला तो हद्दीबाहेर ढकलला जातो, आधी फरफर होते, मग कॉइल घासते किंवा कोन फाटतो. खऱ्या ड्रमरसमोर बेस ॲम्प किमान १०० वॉटचा लागतो, ३०० असेल तर निवांत. खालच्या सुरांना ताकद जास्त लागते म्हणूनच १९६९ चा ॲम्पेग एसव्हीटी हा बेस ॲम्प ३०० वॉटचा होता आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कपाट. तेव्हा गाण्याच्या स्पीकरांतून बेस जात नसे, ॲम्पनेच मैदान भरावं लागे. आज ते काम साउंडवाल्यांचे स्पीकर करतात, म्हणून तुला ॲम्पची घाई नाही. पुढे कधी हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरचं कपाट) वेगळं घेतलंस तर दोन गोष्टी: मधे स्पीकर केबलच लाव, गिटारची शील्डवाली केबल नाही, ती तापते; आणि ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, तेव्हा हेडवर किमान किती लिहिलंय ते वाच.

पाचव्या तारेबद्दल थोडक्यात. तिचा सूर ३१ हर्ट्झचा. ज्या स्पीकरांना ४१ झेपत नाही त्यांना ती ऐकवायची कशी? ॲक्टिव्ह बेस वाईट नाही, पण त्याची ९ व्होल्टची बॅटरी केबल नुसती लावून ठेवली तरी संपत राहते आणि नेमकी गाण्याच्या मधे मरते. डिस्टॉर्शन पेडल गिटारचं असेल तर खालचा सूर खाऊन टाकतं. ब्लेंडवाल्या डीआयच्या ड्राइव्हमध्ये ती हौस भागेल.

तारांचा संच, केबल, मल्टिमीटर, ट्यूनर आणि साधासा प्रीॲम्प डीआय हे सगळं ३० हजारांच्या निम्म्यात बसायला हरकत नाही. ट्यूनर पायाखालचा पेडलवाला घे. तो सूर लावताना आवाज बंदही करतो. खुंटीला चिमटा लावणारा ट्यूनर ड्रमच्या थरथरीत जाड तारेला गोंधळतो. तोच हाताशी असेल तर बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक वाजवून लाव. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या १०० वॉटच्या ॲम्पसाठी बाजूला ठेव.

ॲलन की मात्र बॅगेतच राहू दे. जुलैत पाऊस लागून आठवडा झाला की हवा ओली होईल, नेक पुढे वाकेल, तारा उंच होतील. तेव्हा पत्त्याचं पान पुन्हा घाल, आणि फट जास्त दिसली तर जाड तार जरा सैल करून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा.